एकोणीसशे अकराचा हंगाम: प्रस्तावना

क्रिकेटवर मराठीत कमी लिहिलं गेलेलं नाही. खेळाडूंची आत्मचरित्रं आहेत, दौऱ्यांची वर्णनं आहेत आणि रविवारच्या पुरवण्यांतले किस्से तर पोत्यानं आहेत. पण एकच संघ आणि त्याचा एकच हंगाम घेऊन पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत त्याचा माग काढणारं पुस्तक शोधायला गेलं, तर हाती फारसं लागत नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत ही लेखनाची स्वतंत्र जातच आहे. १९१९ साली शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर सट्टेबाजांकडून पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज हरल्याचा ठपका आला. त्यावर एलियट असिनॉफनं १९६३ मध्ये ‘एट मेन आउट’ लिहिलं. रॉजर कानचं १९७२ मधलं ‘द बॉइज ऑफ समर’ ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या पन्नाशीच्या दशकातल्या दोन हंगामांभोवती फिरतं. ज्याला बेसबॉलची बॅट कशी धरतात तेही ठाऊक नाही, असा वाचकही ही पुस्तकं खाली ठेवत नाही. कारण त्यांत खेळाइतकाच पगार आहे, मालक आहेत, रंगभेद आहे, आणि खेळून पोट भरणाऱ्या माणसांची धास्ती आहे.

या संग्रहातल्या लेखांनी तसा एक हंगाम निवडला आहे. १९११ च्या उन्हाळ्यात ‘ऑल इंडिया’ या नावानं एक क्रिकेट संघ पहिल्यांदाच इंग्लंडला गेला. तोवर भारत नावाचं राष्ट्र राजकीय नकाशावर नव्हतं, पण त्या नावाचा क्रिकेट संघ मैदानावर उतरला होता. जून ते ऑगस्ट या काळात तो २३ सामने खेळला. त्यांतले ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. प्रथम दर्जाचे म्हणून मोजले गेलेले सामने १४. त्यांत विजय दोन, पराभव दहा. नुसता हिशेब पाहिला तर हा फसलेला दौरा. पण या संघात एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता. त्यानं सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले, एकोणीसच्या आतल्या सरासरीनं. त्याचं नाव पालवणकर बाळू.

हे पुस्तक रत्नागिरीहून का निघतं आहे, याचं उत्तर त्या आडनावात आहे. बाळूचा जन्म धारवाडचा, वाढ पुण्याची आणि नाव झालं ते मुंबईत. पण घराण्याचं मूळ गाव कोकणातलं पालवण. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा बाणकोटपासून थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत पसरलेला होता. सिंधुदुर्ग वेगळा निघाला तो १९८१ मध्ये. आंब्याचं आणि माशांचं कौतुक पुष्कळ झालं, पण या जिल्ह्यानं बाहेर पाठवली ती मुख्यतः माणसं. गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि त्याआधी कंपनी सरकारच्या पलटणींत. दापोलीत पेन्शनर शिपायांची वस्ती होती. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याच्या घराण्यातले सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तिथे राहिले, आणि त्यांच्या मुलाचं, भीमरावाचं, लहानपण काही काळ दापोलीत गेलं. बाळूचे वडीलही लष्कराच्या नोकरीतले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या कोकणी माणसाला शिक्षणाचं आणि रोख पगाराचं पहिलं दार पलटणीनं उघडलं. क्रिकेटही याच दारानं आलं, साहेबाच्या छावणीतून. बाळूची गोष्ट एखाद्या चमत्कारासारखी सांगण्याची सवय आपल्याला आहे. पण ती एका मोठ्या स्थलांतराचा भाग आहे, हे लक्षात घेतलं की चमत्कार कमी होतो आणि माणूस दिसू लागतो.

आता थोडं मागे जाऊ. हिंदी लोकांत हा खेळ पहिल्यांदा धरला तो मुंबईच्या पारशांनी. १८८६ मध्ये त्यांचा संघ स्वखर्चानं इंग्लंडला गेला आणि २८ सामन्यांत एकच जिंकून परत आला. १८८८ मध्ये दुसरा गेला. त्यानं आठ जिंकले, आणि डॉ. मेहेल्लाशा पावरी यांनी बळींची रास लावली. १८९० च्या जानेवारीत व्हर्ननच्या इंग्लिश संघाला पारशांनी मुंबईत हरवलं, तेव्हा या खेळात साहेबाला धूळ चारता येते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. हिंदूंनी पारशांचं पाहून सुरुवात केली, मुसलमानांनी त्यानंतर. प्रत्येकाचा जिमखाना वेगळा आणि संघही वेगळा. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली, १९१२ मध्ये मुसलमान आल्यावर ती चौरंगी झाली, १९३७ मध्ये पंचरंगी. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात वावगं वाटत नव्हतं, आणि मैदानं ओसंडून वाहत होती. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या विजयात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम दोघेही होते.

‘ऑल इंडिया’ संघ इंग्लंडला न्यायचा घाट त्याआधीच घातला गेला होता. तो फिसकटला, कारण कुठल्या समाजाचे किती खेळाडू यावर एकमत होईना. पुढे १९०९ मध्ये जुलैत लंडनला मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. डिसेंबरात नाशिकला अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला. हिंदी माणूस म्हटला की बाँब आणि पिस्तूल, असं चित्र विलायतेत उभं राहिलं. राजनिष्ठ पुढाऱ्यांना, संस्थानिकांना आणि मुंबईच्या धनिकांना ते पुसून टाकायचं होतं. क्रिकेट खेळणारा, नियम पाळणारा, हरला तरी हात मिळवणारा हिंदी गृहस्थ त्यांना दाखवायचा होता. जे. एम. फ्रामजी पटेल यांच्यासारखे पारशी क्रिकेटचे धुरीण पुढे झाले. पातियाळाचे महाराज भूपिंदर सिंग कर्णधार झाले; वय वर्षं एकोणीस. संघात पारशी सर्वांत जास्त, त्याखालोखाल हिंदू, आणि मुसलमान खेळाडूंत अलीगढच्या कॉलेजातली मुलं. मुंबईचे मुकुंद पै, बंगळूरचे जयराम, मद्रासचे यष्टिरक्षक शेषाचारी, आणि पालवणकर बंधू. एका संघात संस्थानिक, डॉक्टर, वकील, कॉलेजचे विद्यार्थी आणि रेल्वेचा नोकर. हे मिश्रण त्या वेळच्या दुसऱ्या कुठल्याच संस्थेत, काँग्रेसच्या अधिवेशनातसुद्धा, इतक्या जवळून नांदत नव्हतं.

माझ्या मते या हंगामाचा खरा विषय इथे सुरू होतो, आणि तो राष्ट्रभावनेचा नाही, मजुरीचा आहे. इंग्लंडात तेव्हा खेळाडूंच्या दोन जाती होत्या: हौशी ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारा ‘प्लेयर’. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची दारं वेगळी, धावफलकावर नाव छापायची रीतही वेगळी. हा भेद इंग्लंडनं १९६२ मध्ये मोडला. आपल्याकडे तसा भेद कागदावर नव्हता. त्याची गरजच नव्हती, कारण जातीनं ते काम आधीच करून ठेवलं होतं. बाळूनं पहिली नोकरी धरली ती पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात, महिना तीन रुपयांवर. मैदान झाडायचं, रोलर ओढायचा. १८९२ च्या सुमारास तो साहेबांच्या पूना क्लबात गेला, चार रुपयांवर. खेळपट्टी आखायची, जाळी उभारायची, टेनिसच्या कोर्टावरच्या रेघा मारायच्या. आणि सभासदांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचे. फलंदाजीला त्याला कुणी बोलावलं नाही. ती साहेबांची करमणूक. चेंडू टाकणं हे नोकराचं काम. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा मोठा फलंदाज त्याच्याकडून तासन्‌तास चेंडू टाकून घेई. बाद केलंस तर आठ आणे, असा त्याचा भाव होता अशी आठवण सांगितली जाते. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्याला एका चेंडूचे आठ आणे म्हणजे काय, हे ज्यानं त्यानं ठरवावं. एवढं मात्र खरं, की सलग काही वर्षं दररोज उत्तम फलंदाजांना चेंडू टाकायला मिळणं हे शिक्षण त्या वेळी कुठल्याही हौशी हिंदी गोलंदाजाच्या वाट्याला आलं नव्हतं. बाळूची दिशा आणि टप्पा यांचं कौतुक करताना हे शिक्षण विसरलं जातं. ते कौशल्य दैवी देणगी नव्हतं. ती पगारी नोकरीत झालेली उमेदवारी होती.

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचं होतं आणि चांगला गोलंदाज हवा होता. म्हणून त्यांनी बाळूला घेतलं. मैदानावर तो टाकील तो चेंडू सगळे हातात धरायचे. चहाच्या सुट्टीत मात्र त्याचा चहा बाहेर यायचा, मातीच्या भांड्यात, जे नंतर फेकून देता येईल, जेवणही वेगळं. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे. प्लेगनंतर तो मुंबईला आला, पलटणीत राहिला, मग बी. बी. सी. आय. रेल्वेत लागला. हिंदू जिमखान्यात त्याला घेण्यावर कुरबूर झाली, आणि अखेर घेतलंच, कारण त्याच्याशिवाय जिंकणं कठीण होतं. गरज आणि उदारपणा यांतलं नेमकं कुठलं कारण कुठे लागू होतं, हे शोधणं या विषयाच्या अभ्यासकाचं एक मुख्य काम आहे. मला स्वतःला गरजेचं पारडं जड वाटतं.

आता हंगामाकडे. पहिला सामना जूनच्या आरंभी ऑक्सफर्ड विद्यापीठाशी झाला. थंडी, ओलसर हवा, अनोळखी खेळपट्ट्या, आणि आठवड्याला दोन सामने. पाचव्या जॉर्जचा राज्याभिषेक २२ जूनला होता. महाराजांना मेजवान्या होत्या, दरबारी भेटी होत्या. थोडेच सामने खेळून ते संघातून बाजूला झाले, आणि त्यांच्याबरोबर संघातला एक चांगला फलंदाज, के. एम. मिस्त्री, हेही गेले, कारण ते महाराजांच्या नोकरीत होते. हा तपशील मला फार बोलका वाटतो. धन्याचं काम निघालं की देशाचा फलंदाज जातो. कर्णधारपद डॉ. होरमसजी कांगांवर येऊन पडलं. केंब्रिजविरुद्ध बाळूनं एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले तरी संघ हरतच राहिला.

जुलैच्या मध्यावर चित्र पालटलं. लेस्टरशायरविरुद्ध कांगांनी १६३ धावा काढल्या, बाळूनं दोन्ही डावांत मिळून ११ बळी टिपले, आणि संघानं सात गडी राखून पहिला प्रथम दर्जाचा विजय मिळवला. लगेच पुढचा सामना टाँटनला, सॉमरसेटशी. शेवटच्या डावात २६५ धावा हव्या होत्या. त्या काळी चौथ्या डावात एवढं लक्ष्य म्हणजे हरण्याचीच तयारी. एक बाजू धरून शिवराम खेळत राहिला, दुसरीकडून गडी पडत राहिले. नववा पडला तेव्हाही तो उभा होता. त्याच्या नाबाद ११३ धावांवर संघ एका गड्यानं जिंकला. धाकटा भाऊ बॅट घेऊन जिंकून देतो आणि थोरला चेंडू घेऊन, आणि दोघांनाही मुंबईच्या पुष्कळ घरांत उंबऱ्याबाहेर बसावं लागत होतं. या वाक्याला मी आणखी काही जोडत नाही.

त्याच उन्हाळ्यात इतरत्र काय चाललं होतं, तेही वाचकानं डोळ्यांसमोर ठेवावं. चार जुलैला सावरकर अंदमानच्या कारागृहात पोचले. टिळक मंडालेत होते. मंडालेचा पदच्युत राजा थिबा आमच्या रत्नागिरीत, नव्यानंच बांधलेल्या राजवाड्यात नजरकैदेत दिवस काढत होता. २९ जुलैला कलकत्त्यात मोहन बागाननं अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली. इंग्लंडमध्ये जुलै-ऑगस्टला कडक उन्हाळा पडला आणि ऑगस्टात रेल्वे कामगारांनी देशभर संप केला. आपला रेल्वे कामगार तेव्हा तिथे चेंडू टाकत होता. यांतली सांगड कुठे खरी आणि कुठे केवळ योगायोगाची, हे लेखकांनी ज्याचं त्यानं ठरवलं आहे, आणि त्यावर त्यांचं एकमत नाही.

या विषयावर लिहिण्याच्या वाटाही तीन-चार आहेत आणि त्यांची आपसांत फारशी ये-जा नाही. सर्वांत जुनी पारशी बखरकारांची: मानेकजी पटेल, शापूरजी सोराबजी, पावरी, फ्रामजी पटेल. खेळाडूच लेखक झाले. माहिती अव्वल, पण सरकारवर निष्ठा आणि आपल्या समाजाचा अभिमान यांच्या पलीकडे ते जात नाहीत. दुसरी आकडेशास्त्र्यांची आणि संग्राहकांची. आनंदजी डोसा आणि वसंत रायजी यांच्यासारख्यांनी जुने धावफलक जपले नसते तर आज वाद घालायलाही साधन उरलं नसतं. तिसरी समाजशास्त्राची. रिचर्ड कॅशमननं १९८० मध्ये आश्रयदाते, खेळाडू आणि प्रेक्षक असे तीन धागे वेगळे करून दाखवले. आशीष नंदींनी क्रिकेटच्या आत हिंदी मनाचा शोध घेतला. रामचंद्र गुहांच्या २००२ मधल्या ग्रंथानं बाळूला विस्मृतीतून ओढून मध्यभागी आणलं. आणि प्रशांत किदंबींनी २०१९ मध्ये याच १९११ च्या दौऱ्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं. गुहांचा बाळू नायक आहे. किदंबींचा संघ साम्राज्याच्या बाजारपेठेत उतरलेली एक मंडळी आहे. तिथे संस्थानिक, व्यापारी आणि आयोजक यांचे हिशेब पुढे येतात. दोन्ही पाहण्यांत तथ्य आहे, पण दोन्ही पुस्तकं इंग्रजीत.

मराठीची वाट निराळी आणि काहीशी दुर्लक्षित. बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल पालवणकर यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ लिहिलं. १९२३ मध्ये हिंदू संघाचा कर्णधार झालेल्या माणसाचं ते आत्मचरित्र. पालवणकर घरातून बाहेर आलेला तो एकमेव भरघोस आवाज. प्रा. दि. ब. देवधरांनीही आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. १९२० मध्ये हिंदू संघाच्या कर्णधारपदावरून जो वाद पेटला, त्यात देवधर एका बाजूला आणि पालवणकर दुसऱ्या बाजूला सापडले होते. हौशी प्राध्यापक आणि रेल्वेचा नोकर यांच्या आठवणी शेजारी ठेवून वाचणं हा मराठी वाचकालाच मिळणारा लाभ आहे. त्यानंतर बाळ ज. पंडित, वि. वि. करमरकर, द्वारकानाथ संझगिरी यांनी क्रिकेटची मराठी घडवली. तिची गोडी मोठी. पण तिचा जीव किश्शात रमतो, आणि किस्सा पगाराबद्दल सहसा बोलत नाही.

बाळूनं स्वतः काही लिहून ठेवलं नाही, ही या विषयातली सर्वांत मोठी अडचण. तो काय विचार करत होता, हे आपण दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो. इंग्लंडहून परतल्यावर अस्पृश्य समाजानं मुंबईत त्याचा सत्कार केला. तरुण आंबेडकरांना त्याचा अभिमान वाटत होता हे चरित्रकारांनी नोंदवलं आहे. पुढे वाटा फुटल्या. १९३२ च्या पुणे करारावर बाळूची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत तो काँग्रेसच्या तिकिटावर आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला आणि सुमारे दोन हजार मतांनी हरला. रत्नागिरी जिल्ह्यात मूळ असलेली दोन घराणी भायखळा-परळात समोरासमोर आली. या निवडणुकीनं बाळूची क्रिकेटमधली कामगिरी दोन्ही बाजूंनी झाकून टाकली: आंबेडकरी चळवळीला तो प्रतिस्पर्धी म्हणून आठवला, आणि काँग्रेसला पुढे त्याची गरज उरली नाही. नायक म्हणून त्याला आज डोक्यावर घेताना ही गुंतागुंत पुसून टाकण्याचा मोह होतो. या संग्रहातल्या निदान दोन लेखकांनी तो आवरलेला नाही, असं माझं मत आहे, आणि ते त्यांना सांगून झालं आहे.

हे आत्ताच का, तर आजूबाजूला पाहावं. खेळाडूचा लिलाव दूरदर्शनवर होतो आणि आकडे कोटींत असतात. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले की कोकणातल्या मळ्यांवर, खाजणांच्या कडेला टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. बक्षीस रोख असतं, आणि बाहेरून आणलेल्या गोलंदाजाला सामन्याचे पैसे आधी ठरवून द्यावे लागतात. त्याला कुणी व्यावसायिक म्हणत नाही, पण तो व्यावसायिकच असतो. त्याच वाडीत कुणाच्या घरी कुणी पाणी प्यायचं, याचे अलिखित नियम सगळीकडे मोडलेले नाहीत, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे, जरी समारंभात कुणी बोलत नसलं तरी. कौशल्य विकत घेता येतं, पंगत मात्र वेगळी ठेवता येते, हा १८९५ च्या पुण्यातला व्यवहार आजही अगदी परका वाटत नाही.

संग्रहाबद्दल थोडक्यात. हा दौऱ्याचा समग्र इतिहास नाही, आणि बाळूचं चरित्रही नाही. एका हंगामाला वेगवेगळ्या बाजूंनी हात घातला आहे: कुणी खेळपट्ट्या आणि हवामानातून, कुणी वृत्तपत्रांच्या स्तंभांतून, कुणी जातीच्या आणि कुणी संस्थानांच्या राजकारणातून. लेखकांची मतं एकमेकांना छेद देतात. ती जुळवून घेण्याचा प्रयत्न संपादनात केलेला नाही. नावांच्या लेखनात मात्र एकवाक्यता ठेवली आहे. इंग्रजी कागदपत्रांत ‘पी. बाळू’ आणि ‘पी. शिवराम’ अशी नावं येतात. आम्ही आडनाव पुरतं लिहिलं आहे, उद्धृतांत मात्र मूळचंच ठेवलं. एकेरी-अनेकवचनी संबोधनाचा प्रश्न अवघड गेला. जुन्या मराठी लेखनात संस्थानिक ‘ते’ आणि गोलंदाज ‘तो’. मीही वर तसंच केलं आहे, सवयीनं. काही लेखकांनी सगळ्यांना ‘ते’ केलं, काहींनी महाराजांसकट सगळ्यांना ‘तो’. दोन्ही तसंच ठेवलं आहे.

धावफलक पुस्तकाच्या शेवटी दिले आहेत. आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी बाकीचे सोडावेत, पण लेस्टर आणि टाँटनचे दोन जरूर पाहावेत. आणि पाहताना गोलंदाजीच्या रकान्यात बाळूच्या नावापुढे टाकलेल्या षटकांचा आकडा आधी वाचावा, बळींचा नंतर.